प्रकाशाने पाहणे, इलेक्ट्रॉनांनी पाहणे

सूक्ष्मदर्शक म्हणजे लहान वस्तू मोठी करून दाखविणारे उपकरण, अशी व्याख्या शाळेत आपण सर्वांनीच पाठ केलेली असते. ती चुकीची नाही; परंतु तिच्यावरच विसंबून राहिल्यास एक प्रश्न काही केल्या सुटत नाही. मोठे करणे एवढेच जर या उपकरणाचे काम असेल, तर एका भिंगामागे दुसरे, दुसऱ्यामागे तिसरे अशी भिंगे लावीत जावे आणि वस्तूची दहा हजार पट, लाख पट, कोटी पट मोठी प्रतिमा मिळवावी. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारखे अवाढव्य आणि खर्चिक यंत्र बांधण्याची मुळात गरजच का पडावी?

वर्तमानपत्रात छापलेले एखादे छायाचित्र हातभिंगाखाली धरून पाहावे, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर हाती लागते. असे छायाचित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. भिंगातून पाहताना ठिपके मोठे दिसू लागतात. पण चेहऱ्याचा जो तपशील ठिपक्यांत उतरलेलाच नाही, तो काही दिसू लागत नाही. आणखी मोठे भिंग घेतले तर ठिपक्याचा भोपळा होईल, परंतु डोळ्याच्या पापणीचे केस मोजता येणार नाहीत. म्हणजे प्रतिमा किती पट वाढली हा मुख्य प्रश्नच नव्हे. एकमेकांना लागून असलेले दोन बिंदू दोन म्हणून दिसतात की एकच डाग म्हणून, हा खरा प्रश्न आहे. उपकरणाच्या या गुणाला विभेदनक्षमता म्हणतात. निरोगी डोळ्याला वाचनाच्या अंतरावरून साधारणतः एक दशांश ते दोन दशांश मिलिमीटर अंतरावरील दोन बिंदू वेगळे दिसतात. त्याहून जवळचे बिंदू डोळ्याच्या दृष्टीने एकच असतात.

सतराव्या शतकात डेल्फ्ट या डच गावातील अँटोनी व्हान लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या एकेका भिंगातून पाण्याच्या थेंबातील जीव पाहिले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यांची हकीकत लिहून कळविली. त्याच्या उपलब्ध भिंगांपैकी उत्तमातले उत्तम भिंग वस्तू सुमारे पावणेतीनशे पट मोठी करते. पुढची दोनशे वर्षे ही भिंगे सुधारण्यात गेली. काचेचे नवे प्रकार निघाले, प्रतिमेभोवती उमटणारी रंगीत किनार नाहीशी झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे वाटू लागले की कारागिरांनी आणखी थोडी मेहनत घेतली तर मनुष्याच्या दृष्टीला काहीच अगोचर राहणार नाही. ही आशा १८७३ मध्ये जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे या भौतिकीविदाने संपुष्टात आणली. विशेष म्हणजे आबे हा स्वतः कार्ल त्साइसच्या कारखान्यासाठी सूक्ष्मदर्शकांची भिंगे तयार करण्याच्या कामात होता. भिंग कितीही निर्दोष असो, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन बिंदूंना ते वेगळे करू शकत नाही, असे त्याने दाखवून दिले.

असे का व्हावे, हे तळ्याकाठी उभे राहिल्यास समजते. पाण्यावरून लाटा येत आहेत आणि वाटेत एक मोठा खडक आहे, अशी कल्पना करू. लाटा खडकावर आपटतात, परततात, त्याच्यामागे पाणी शांत राहते. खडक न पाहताही, केवळ लाटांच्या मोडतोडीवरून, तो कोठे आहे आणि केवढा आहे हे सांगता येईल. आता खडकाच्या जागी एक बोरू रोवला तर? लाट त्याच्यावरून अशी निघून जाते, की पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला वाटेत काही होते याचा पत्ताही लागू नये. आणि शेजारीशेजारी दोन बोरू रोवले, तर ते दोन आहेत हे लाटेला सांगताच येणार नाही. प्रकाश हीसुद्धा लाटच होय. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर असते. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर आणि मायक्रोमीटरचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर, पुढे हेच माप वापरले आहे.) उत्तम भिंग आणि नमुन्यावर तेलाचा थेंब एवढी सर्व सिद्धता केली तरी प्रकाश सूक्ष्मदर्शकाची धाव सुमारे २०० नॅनोमीटरपाशी थांबते. हजार-दीड हजार पटींच्या पुढे प्रतिमा वाढविली तर तीत नवे काही येत नाही. ठिपक्याचा भोपळा होतो, इतकेच.

या मर्यादेच्या अलीकडेही जग अफाट होते, हे विसरून चालणार नाही. मार्च १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू दाखविला. तो काही हजार नॅनोमीटर लांब आणि काहीशे नॅनोमीटर रुंद, म्हणजे प्रकाशाच्या टप्प्यातला. त्याला अदृश्य ठेवले होते ते त्याच्या लहानपणाने नव्हे, तर रंगहीनतेने. योग्य रंजकद्रव्य लावताच तो दिसला. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस याने डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाच्या परजीवीचे गोळे पाहिले. त्या वेळी त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि शिल्लक राहिलेल्या एकुलत्या एका नेत्रिकेला तडा गेला होता, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तरी काम अडले नाही, कारण परजीवी हजारो नॅनोमीटर आकाराचा होता.

मर्यादेच्या पलीकडच्या काठावर मात्र विषाणू उभे होते. त्यांतील बहुतेक २०० नॅनोमीटरहून कितीतरी लहान. देवीचा विषाणू हा त्यातल्या त्यात थोराड; सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचा. त्यामुळे रंग देऊन त्याचे ठिपके प्रकाशात कसेबसे पाहता येत असत. पण ठिपका म्हणजे ठिपकाच. त्याला आकार नाही, अंतर्रचना नाही. तो विषाणूचा की रंगाच्या गाळाचा, याचाही भरवसा नाही.

येथून पुढची वाट अनपेक्षित दिशेने निघाली. १९३१ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यालयात माक्स क्नोल आणि त्याचा तरुण विद्यार्थी एर्न्स्ट रुस्का यांनी इलेक्ट्रॉनांच्या झोतावर चुंबकीय वेटोळ्यांचा प्रयोग करून प्रतिमा मोठी करून दाखविली. ती मोठी झाली होती सुमारे सतरा पट; म्हणजे लेव्हेनहूकच्या भिंगापुढे हा पोरखेळच. गमतीचा भाग असा, की इलेक्ट्रॉन हासुद्धा तरंगासारखा वागतो, ही १९२४ मधील लुई द ब्रॉय्यी याची कल्पना या दोघांच्या कानांवर तोपर्यंत गेलेली नव्हती. इलेक्ट्रॉन हे निव्वळ कण आहेत, त्यांना तरंगलांबीचे बंधन नाही, अशा समजुतीने ते काम करीत होते. पुढे ती कल्पना कळल्यावर रुस्का प्रथम निराश झाला, कारण पुन्हा एक तरंगलांबी आणि पुन्हा एक मर्यादा समोर आली. मग त्याने ती मोजून पाहिली आणि निराशा गेली. एक लाख व्होल्टच्या दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर असते. हिरव्या प्रकाशाच्या ती सुमारे दीड लाख पट लहान होय. १९३३ अखेर रुस्काच्या नव्या यंत्राने प्रकाशाची मर्यादा ओलांडली. १९३९ मध्ये सीमेन्स कंपनीने असे यंत्र विक्रीला काढले. त्याच सुमारास रुस्काचा डॉक्टर असलेला भाऊ हेल्मुट आणि त्याचे सहकारी यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूच्या काड्या प्रथम डोळ्यांसमोर आणल्या. रुस्काला या कार्याचे नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. आपल्याकडे कलकत्त्यास नीरजनाथ दासगुप्ता यांनी १९४० नंतरच्या दशकात असे यंत्र स्वतः उभारले आणि पुढे काळा-आजाराच्या परजीवीची रचना त्यातून अभ्यासली, याचीही नोंद येथे करणे उचित होईल.

मांडणीच्या दृष्टीने दोन्ही यंत्रे एकाच कुळातील आहेत. एकात दिवा, दुसऱ्यात तापलेली तार. एकात प्रकाश नमुन्यावर एकवटणारे संघनक भिंग, दुसऱ्यातही तेच. मग नमुना, मग पदार्थभिंग, मग प्रतिमा आणखी वाढविणारे भिंग. फरक असा, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील ‘भिंग’ काचेचे नसते. लोखंडी वेष्टनात बसविलेले ते तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि त्यातील विद्युत्प्रवाह कमीअधिक केला की भिंगाची शक्ती बदलते. ‘सूक्ष्मदर्शक’ या आपल्या शब्दातील ‘दर्शक’ हे पदही येथे जरा ताणूनच वापरावे लागते, कारण इलेक्ट्रॉन डोळ्याला दिसत नाहीत. ते चकाकणाऱ्या पडद्यावर, छायाचित्राच्या काचेवर किंवा अलीकडे इलेक्ट्रॉनी संवेदकावर पाडावे लागतात. चित्र उमटते ते केवळ काळ्यापांढऱ्या छटांचे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची म्हणून जी रंगीत चित्रे छापली जातात, त्यांतील रंग मागाहून भरलेले असतात.

तरंग दीड लाख पट लहान झाला, मग दृष्टीही तेवढीच सूक्ष्म झाली काय? नाही. १९८०च्या सुमाराच्या उत्कृष्ट यंत्रांची विभेदनक्षमता ०.२ नॅनोमीटरच्या आसपास होती, म्हणजे प्रकाशाच्या हजार पट. उरलेला फायदा वेटोळ्यांच्या सदोषपणात बुडाला. काचेच्या भिंगांच्या तुलनेत चुंबकीय भिंगे बाटलीच्या बुडाइतकीच ओबडधोबड म्हणावी लागतील. साध्या गोलाकार वेटोळ्यांत हा दोष अटळ आहे, हे ओटो शेर्झर याने १९३६ मध्येच सिद्ध केले होते. त्यावर प्रत्यक्ष तोड निघायला १९९० नंतरच्या दशकाची अखेर उजाडावी लागली. त्यानंतर धातू व स्फटिक यांमधील अणूंच्या रांगा ०.१ नॅनोमीटरपेक्षाही बारकाईने पाहता येऊ लागल्या. सजीवांच्या पेशींबाबत मात्र यंत्राच्या आधी नमुनाच हात टेकतो.

ते कसे, हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण दोन्ही उपकरणांतील खरा भेद येथेच आहे. इलेक्ट्रॉन हवेतून धड जाऊ शकत नाहीत. हवेच्या कणांवर आदळून ते विखुरतात. म्हणून यंत्राचे धुराडे आतून निर्वात ठेवावे लागते. निर्वातात पाणी टिकत नाही, आणि पेशी तर बहुतांशी पाण्याचीच बनलेली. शिवाय इलेक्ट्रॉन जाड वस्तूच्या आरपारही जात नाहीत. तेव्हा पेशीसमूहाचा कण आधी रसायनांत बुडवून मारावयाचा. त्यातील प्रथिने जागच्या जागी गोठवावयाची. अल्कोहोलने पाणी काढून टाकावयाचे. त्या जागी राळेसारखे द्रव्य भरून ते घट्ट होऊ द्यावयाचे. आणि मग काचेच्या किंवा हिऱ्याच्या पात्याने त्याचे ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचे काप काढावयाचे. डोक्याच्या केसाचे असे उभे काप काढू गेल्यास एका केसातून सुमारे हजार निघतील. त्यावर शिसे, युरेनियम यांसारख्या जड धातूंच्या क्षारांचा लेप द्यावा लागतो, कारण पेशीतील कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हे हलके अणू इलेक्ट्रॉनांना फारसे अडवीत नाहीत. एवढे करून जे दिसते ते धातूचे वाटप होय, पेशीचे नव्हे. रुस्काच्या पहिल्या नमुन्यांतील कापसाचा तंतू झोतात जळून कोळसा झाला होता. झोत नमुन्याला भाजतो, ही अडचण आजही संपलेली नाही.

उलट, प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली डबक्याच्या पाण्याचा थेंब ठेवला तर त्यातील जीव पोहतो, खातो, दुभंगतो. पेशीचे विभाजन पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत पाहता येते. सूक्ष्मतेसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजलेली किंमत म्हणजे काळ आणि जीव. जिवंत हालचालीऐवजी तो एका क्षणाचे प्रेत देतो. पण त्या प्रेतातील शिरा न् शिरा दाखवितो.

ही किंमत मोजणे केव्हा सार्थ ठरते, याचे उदाहरण देवीच्या निर्मूलनात सापडते. देवी आणि कांजिण्या यांचे फोड अनुभवी डॉक्टरला सहसा ओळखता येतात. परंतु सौम्य देवी आणि तीव्र कांजिण्या यांत फसगत होऊ शकते. जोवर हजारो रोगी होते, तोवर एखाददुसऱ्या चुकीने बिघडत नव्हते. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रोगी नोंदविला गेला आणि परिस्थिती पालटली. त्यानंतर अंगावर फोड आलेला प्रत्येक रोगी हा एक प्रश्न झाला. हा एक जरी देवीचा निघाला, तर सारे गाव टोचावे लागणार होते आणि देश देवीमुक्त झाल्याची घोषणा लांबणीवर पडणार होती. शंकास्पद रोग्यांच्या खपल्या आणि फोडांतील द्रव प्रयोगशाळांत तपासले जात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अटलांटा व मॉस्को येथील संदर्भ-प्रयोगशाळांत नमुना आला की आधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाई.

ही पद्धत सोपी होती आणि तिला वर सांगितलेले काप लागत नसत. १९५९ मध्ये केंब्रिज येथील सिडनी ब्रेनर व रॉबर्ट हॉर्न यांनी ती सुटसुटीत केली होती. भिंतीवर पंजा ठेवून भोवती गेरू फवारला, तर पंजाची कोरी आकृती उठते; तसेच विषाणूच्या भोवती टंगस्टनच्या क्षाराचा काळोख पसरवून विषाणूला उजळ ठेवावयाचे. खपलीचा कीस पाण्यात कालवला, थेंब जाळीवर ठेवला, क्षार लावला, की तासाभरात उत्तर. देवीचा विषाणू विटेसारखा, अंगावर वेण्या घातल्यासारखा. कांजिण्यांचा गोलसर, आत षट्कोनी गाभा आणि बाहेर सैल पिशवी. प्रकाशाखाली जे नुसते ठिपके, ते येथे वीट आणि पिशवी झाले. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय आयोगाने प्रमाणित केले, त्यामागे अशा असंख्य नकारात्मक उत्तरांचे बळ होते.

तथापि, या पद्धतीलाही दोन ठिकाणी माघार घ्यावी लागे. थेंबात विषाणूंची संख्या लाखांनी असल्याखेरीज तो नजरेस पडण्याची शक्यता कमी. म्हणून काही न दिसल्यास नमुना कोंबडीच्या अंड्यात वाढवून पाहावा लागे. आणि देवी, गोस्तन देवी, वानर देवी या सख्ख्या भावंडांच्या विटा दिसायला अगदी सारख्या. वीट दिसली म्हणजे कुळ कळले, नाव नव्हे.

सूक्ष्म दिसते म्हणून ते खरे, असेही समजू नये. १९५०च्या दशकापासून जीवाणूंच्या कापांत पेशीपटलाला आतल्या बाजूने घड्या पडलेल्या दिसू लागल्या. त्यांना ‘मेसोसोम’ हे नाव मिळाले, श्वसनापासून विभाजनापर्यंतची कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली, आणि पाठ्यपुस्तकांत त्यांची चित्रे आली. पुढे रसायनांऐवजी अतिशीघ्र गोठवून नमुने तयार केले, तेव्हा घड्या नाहीशा झाल्या. त्या जीवाणूत नव्हत्याच; त्याला मारण्याच्या रीतीतून त्या उत्पन्न झाल्या होत्या. याच्या अगदी उलट घडले ते कामिल्लो गॉल्जी याच्या बाबतीत. १८९८ मध्ये चांदीचा क्षार लावून प्रकाशाखाली त्याने चेतापेशीत एक जाळे पाहिले. ते चांदीच्या क्षाराने निर्माण केलेले भूत आहे, असे म्हणणारे पन्नास वर्षे भेटत राहिले. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉनांनी ते जाळे रचलेल्या चपट्या पिशव्यांच्या रूपात दाखविले आणि वाद मिटला. एकाच यंत्राने एका भ्रमाला जन्म दिला आणि दुसऱ्या खऱ्या वस्तूला भ्रमाच्या आरोपातून सोडविले.

गोठविण्याच्या या मार्गाने पुढे मोठी मजल गाठली. पाणी पुरेशा वेगाने गोठविले तर बर्फाचे स्फटिक होण्यास सवडच मिळत नाही. ते काचेसारखे स्वच्छ राहते. झाक द्युबोशे याने १९८०च्या दशकाच्या आरंभी हे साधले. त्यामुळे प्रथिनांचे रेणू रंग न देता, वाळवू न देता, त्यांच्या पाण्यातच पाहता येऊ लागले, आणि २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला योआखिम फ्रांक व रिचर्ड हेंडरसन यांच्यासमवेत मिळाले. दरम्यान प्रकाश सूक्ष्मदर्शकही स्वस्थ बसला नव्हता. चमकणारे रेणू एकाच वेळी न पेटविता थोडेथोडे पेटवावयाचे आणि प्रत्येकाचा मध्य मोजावयाचा, अशा युक्तींनी आबेची सीमा मोडीत न काढता तिला वळसा घालण्यात आला. त्यासाठी २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक दिले गेले. सामान्य प्रकाश सूक्ष्मदर्शकाचे स्थानही ढळलेले नाही. थुंकीच्या नमुन्यात क्षयाचे जंतू शोधण्यासाठी आणि रक्ताच्या थेंबात हिवतापाचा परजीवी पाहण्यासाठी आपल्या आरोग्य केंद्रांत आजही तोच हाताशी असतो. तेथे इलेक्ट्रॉन यंत्र नेऊन ठेवले, तरी त्याचा काही उपयोग होणार नाही.

जानेवारी २०२० च्या अखेरीस केरळमध्ये भारतातील पहिला कोविड-१९ चा रुग्ण आढळला. त्याच्या घशातील स्रावाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि मार्चमध्ये ती चित्रे प्रसिद्ध झाली. नमुन्यात मोजकेच कण मिळाले. प्रत्येक सुमारे ७० ते ८० नॅनोमीटर आकाराचा, कडेने टोकाशी गोल गाठी असलेले काटे. प्रकाशाने त्यांतला एकही दिसला नसता. काट्यांवरून हा करोना कुळातील विषाणू आहे एवढे चित्र सांगू शकले. त्या कुळातील नेमका कोणता, हे त्याआधीच त्याच्या जनुकीय द्रव्याच्या तपासणीतून ठरलेले होते.